नव्या पावलाची परीक्षा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या टेबलावर एकाच माणसाचे दोन कृत्रिम पाय शेजारी शेजारी ठेवले होते. दोन्ही उजवे. एक जुना. त्याचं रबरी पाऊल टाचेपाशी झिजलेलं, चवड्याला बारीक भेग गेलेली आणि बोटांच्या खाचांत लाल चिखल वाळलेला. दुसरा नवा, दीड महिन्यापूर्वी मीच बसवून दिलेला. एसटी स्टँडवरची धूळ सोडली तर त्याचा तळवा कोरा होता. साच्याच्या जोडाची बारीक रेघसुद्धा पुसली गेली नव्हती. आणि या दोन्ही पायांचे मालक, भोरकडच्या डोंगरउतारावर भातशेती करणारे आमचे आबा, समोर बसून मला सांगत होते, "चांगलाय की ताई नवा पाय. काय बी तरास न्हाई."

मी कृत्रिम पाय बसवण्याचं काम करते. गुडघ्याखाली पाय कापावा लागलेली माणसं माझ्याकडे येतात. कुणाचा पाय अपघातात गेलेला असतो, कुणाचा रेल्वेखाली, कुणाचा मधुमेहामुळे चिघळलेल्या जखमेत. कृत्रिम पाऊल नव्या पद्धतीचं निघालं, की ते कुणाला तरी घालून, चालून पाहावं लागतं. ते काम कसं चालतं आणि त्यात आमची चूक कुठे होते, हे आज मी आपल्याला सांगणार आहे.

आधी पाय आणि पाऊल यांतला फरक सांगते. गुडघ्याखालच्या कृत्रिम पायाचे ढोबळमानाने तीन भाग असतात. उरलेला पाय ज्यात बसतो ते सॉकेट, मधली नळी किंवा नडगीचा भाग आणि खाली पाऊल. सॉकेट प्रत्येकाच्या मापाचं वेगळं करावं लागतं. पाऊल मात्र बहुधा तयार मिळतं, चपलेसारखं नंबरावर.

आपलं नैसर्गिक पाऊल काय काय करतं ते चालताना सहसा आपल्या लक्षात येत नाही. टाच जमिनीला लागते तेव्हा ते धक्का पचवतं. मग शरीर पुढे सरकत असताना पाऊल आणि घोटा मिळून एखाद्या चाकासारखं काम करतात. डोलखुर्चीच्या खालची कमान आठवा. खुर्ची जशी त्या कमानीवरून अलगद पुढे जाते, तशी आपली नडगी पावलावरून पुढे जाते. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डडली चाइल्ड्रेस आणि अँड्र्यू हॅन्सन या संशोधकांनी या कमानीचा बारकाईने अभ्यास केला. शेवटी पोटरीचे स्नायू चवड्यावर जोर देऊन शरीराला पुढे ढकलतात. कृत्रिम पावलात पोटरी नसते. म्हणून साध्या कृत्रिम पावलाकडून धक्का पचवणं आणि कमानीसारखं डोलणं या दोन गोष्टी तरी नीट व्हाव्यात, अशी आमची अपेक्षा असते.

१९५० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या प्रयोगशाळेत 'सॅच' नावाचं पाऊल तयार झालं. टाचेत मऊ उशी, आत कडक कणा आणि न हलणारा घोटा. स्वस्त आणि टिकाऊ असल्यामुळे ते जगभर गेलं. पण ते बुटात घालून चालण्यासाठी बनवलेलं होतं. आपल्याकडे माणूस उंबऱ्याबाहेर चप्पल काढतो, देवळात अनवाणी जातो, जेवायला मांडी घालतो, शेतात उकिडवं बसतो. घोटा न हलणाऱ्या पावलाला यातलं बरंचसं जमेना.

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर उपाय शोधला. शर्मांना सगळे 'मास्टरजी' म्हणत. टायर रिट्रेडिंगच्या दुकानात रबर जसं तापवून घट्ट करतात तसं करून त्यांनी बोटांसकट दिसणारं रबरी पाऊल बनवलं. आत टाचेला आणि चवड्याला स्पंज रबराचे ठोकळे आणि बाहेर मजबूत रबराचं आवरण. हे पाऊल अनवाणी चालतं, चिखलात जातं आणि बऱ्याच दिशांना वाकतं. हेच आपलं प्रसिद्ध 'जयपूर फूट'. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी जयपूरमध्ये भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. तिच्यामार्फत ते देशात आणि देशाबाहेर पोहोचलं. १९८१ मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हा पाय लावून पुन्हा नृत्य करणाऱ्या सुधा चंद्रन यांचा 'नाचे मयूरी' आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

मग आता नवीन पाऊल कशाला, असं आपण विचाराल. जयपूर फूट मजबूत असलं तरी वजनाला जड आहे. शिवाय ते हाताने घडवलं जात असल्यामुळे एक नग दुसऱ्यासारखा होईलच असं नाही. म्हणून सुधारणेचे प्रयत्न चालूच राहिले. 'इस्रो'च्या शास्त्रज्ञांनी रबराऐवजी पॉलियुरेथेन वापरून हलकं पाऊल करायला मदत केली. तिकडे अमेरिकेत व्हॅन फिलिप्स यांनी, ज्यांचा स्वतःचा एक पाय गुडघ्याखाली गेला होता, १९८० च्या दशकात कार्बन फायबरचं 'फ्लेक्स-फूट' आणलं. ते धनुष्यासारखं वाकतं आणि सुटताना थोडा जोर परत देतं. पण त्याची किंमत आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची.

२०१२ च्या सुमारास जयपूरच्या संस्थेने अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक एमॉस विंटर यांच्याकडे विचारणा केली. त्यांनी आणि कॅथरिन ओलेस्नाव्हाज यांनी प्रश्न उलट बाजूने मांडला. पावलाने घोट्याची नक्कल करावी, हा आग्रह त्यांनी सोडला. चालताना नडगी जशी पुढे जायला हवी तशी ती जाते की नाही, एवढंच पाहायचं ठरवलं. माणसाचं वजन आणि पावलाचं माप दिलं, की त्याच्यासाठी पावलाचा आकार आणि ताठरपणा किती हवा हे संगणक काढून देतो. पाऊल साध्या नायलॉनचं. २०१८ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. भारतातल्या काही स्वयंसेवकांनी ते पाऊल घालून चालून पाहिलं होतं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. नवं पाऊल चांगलं आहे हे ठरवायचं कसं?

पहिली परीक्षा यंत्रावर होते. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, आयएसओ १०३२८ आणि आयएसओ २२६७५. दुसऱ्या मानकानुसार पाऊल यंत्रात पकडतात आणि त्याच्याखालची फळी मागेपुढे कलत राहते. टाचेच्या बाजूला वीस अंश, चवड्याच्या बाजूला चाळीस अंश. वापरणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भार ठरलेला असतो. असे किती फेरे? वीस लाख. सेकंदाला एक फेरा धरला, तर यंत्र रात्रंदिवस तेवीस दिवस चालत राहतं. दिवसाला सहा हजार पावलं चालणारा माणस एका पायावर तीन हजार वेळा भार टाकतो. त्या हिशेबाने वीस लाख म्हणजे साधारण एक वर्ष दहा महिन्यांची चाल. एवढं होऊनही पाऊल मोडलं नाही, तर ते या परीक्षेत उत्तीर्ण.

ही परीक्षा हवीच. भर रस्त्यात पाऊल मोडलं तर माणूस गाडीखाली जाऊ शकतो. पण पाऊल मोडत नाही एवढंच यंत्र सांगतं. ते घालून चालणाऱ्याला काय वाटतं, हे त्याला कळत नाही.

म्हणून दुसरी परीक्षा चालीच्या प्रयोगशाळेत. तिथे जमिनीत भार मोजणाऱ्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि भोवती कॅमेरे. पायावर लहान चमकते ठिपके चिकटवून माणसाला चालायला लावतात. डाव्या पायावर तो किती वेळ उभा राहतो, उजव्यावर किती, हे त्यातून कळतं. कृत्रिम पायावरचा विश्वास कमी असला, की माणूस नकळत त्यावरून लवकर उतरतो आणि चांगल्या पायावर धपकन येतो. हे वर्षानुवर्षं चाललं, की चांगल्या पायाचा गुडघा झिजू लागतो. मधुमेही माणसाच्या बाबतीत तर उरलेल्या पायाला जपणं हेच मोठं काम असतं. त्यामुळे कृत्रिम पावलाची परीक्षा घेताना दुसऱ्या पायाकडेही पाहावं लागतं.

सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो, तेही मोजतात. आणि मोजताना एक पथ्य पाळावं लागतं. पाऊल बदललं तर फक्त पाऊलच बदलायचं. सॉकेट तेच, नाहीतर त्याची हुबेहूब नक्कल. नाहीतर सुख सॉकेटमुळे झालं की पावलामुळे, हे सांगता येत नाही. शिवाय नव्या पावलाची सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवशीचं मत, मग ते चांगलं असो की वाईट, फार धरून चालत नाही.

या सगळ्या परीक्षा झाल्या, की उरते ती शेवटची. माणसाने ते पाऊल घरी न्यायचं आणि आपलं रोजचं जगणं त्यावर जगायचं. आबांची गोष्ट या परीक्षेतली.

एका उत्पादकाने नव्या पावलाचे काही नमुने आमच्याकडे दिले होते. यंत्रावरची परीक्षा झालेली होती. पाऊल हलकं, दिसायला सुबक. आबांचा उजवा पाय मोटारसायकलच्या अपघातात गेलेला, वय साठीच्या आत, तब्येत काटक. मी त्यांना सगळं समजावलं. मराठीत लिहिलेल्या संमतिपत्रावर सही घेतली. जुना पाय तुमच्याकडेच राहील, कधीही नको वाटलं तर थांबा, त्यामुळे तुमच्या उपचारात काही कमी होणार नाही, हेही सांगितलं. जुन्या सॉकेटची नक्कल करून नव्या पायाला बसवली. आमच्या फरशीच्या व्हरांड्यात ते झकास चालले. मी कागदावर लिहिलं, 'रुग्ण समाधानी.'

दोन आठवड्यांनी फोन केला. "चांगलाय." महिन्याने केला. "चांगलाय." दीड महिन्याने तपासणीला बोलावलं. झीज ताडून पाहावी म्हणून जुना पायही आणायला सांगितला होता. म्हणून ते दोन पाय माझ्या टेबलावर आले.

मी आबांना म्हटलं, "आबा, हा जुन्यावरचा चिखल कधीचा?"

ते गप्प झाले. मी त्यांच्या पायावरचा मोजा उतरवला. नडगीच्या हाडाचं टोक जिथे सॉकेटला टेकतं, तिथे नुकत्याच भरून आलेल्या जखमेचा व्रण होता. त्या दिवशीच्या प्रवासाने तो पुन्हा लालबुंद झाला होता.

हळूहळू गोष्ट बाहेर आली. पहिल्या आठ दिवसांतच फोड आला होता. मग त्यांनी नवा पाय पिशवीत घालून फडताळावर ठेवला आणि जुना घातला. माझ्याकडे यायचं म्हणून आज पुन्हा नवा चढवला.

"मग फोनवर सांगितलं का नाही?"

"तुम्ही येवढ्या मायेनं दिला. फुकट दिला. त्याला नावं कशी ठेवायची?"

मंडळी, त्या क्षणी मला आबांचा नाही, स्वतःचा राग आला. 'रुग्ण समाधानी' हे शब्द मीच लिहिले होते. तेच शब्द उत्पादकाकडे गेले असते, तिथून ते पाऊल कदाचित शेकडो लोकांकडे गेलं असतं. त्यांतल्या एखाद्या मधुमेही माणसाला असाच फोड आला असता, तर तो भरलाच असता याची खात्री कोण देणार? चिघळलेल्या फोडामुळे पाय आणखी वर, गुडघ्याच्या वर कापावा लागलेली माणसं मी पाहिली आहेत.

दोष पावलात होता, तसा माझ्या विचारण्यातही होता. ज्याने वस्तू दिली, त्यानेच "कशी आहे?" असं विचारलं, तर आपल्याकडचा भला माणूस "चांगली आहे" असंच म्हणणार. पाहुण्याने भाजी खारट झाली असं यजमानाला सांगावं, अशी अपेक्षा आपण करत नाही. इथे तर समोर डॉक्टर, मॅडम, साहेब असतात. शिवाय मनात एक भीती असते, की तक्रार केली तर पुढच्या वेळी पाय मिळणार नाही.

त्यानंतर मी विचारायची पद्धत बदलली. "कसा आहे?" हा प्रश्न टाकून दिला. त्याऐवजी विचारते, "काल सकाळपासून कुठे कुठे गेलात? कोणत्या कामाला जुना पाय घातलात? दिवसातून किती वेळा पाय काढून ठेवलात? कुणी म्हणालं का, आज लंगडताय म्हणून?" शक्य असेल तिथे हे प्रश्न मी स्वतः विचारत नाही. ज्याने पाय दिलेला नाही, अशा माणसाला विचारायला सांगते. घरच्यांशीही बोलते. आणि उत्तर ऐकण्याआधी तळवा पाहते, कारण तळव्याला भीड नसते. कुठे झिजलाय, कुठे कोरा आहे, बाहेरची कड जास्त घासलीय का, यावरून माणूस किती आणि कसा चालला हे बरंच कळतं. आता पावलं मोजणारी लहान यंत्रंही पायाला बसवता येतात. त्यांचाही उपयोग होतो.

आबांना फोड का आला, तेही शोधलं. व्हरांड्यात त्यांना काहीच झालं नव्हतं. मी त्यांना आमच्या आवारातल्या उतारावरून खाली चालायला लावलं. तीनदा खाली उतरले, तेव्हा कळलं. पावलाची टाच फार कडक होती. कडक टाच जमिनीला लागली, की ती दबत नाही आणि नडगीला झटक्याने पुढे ढकलते. गुडघा एकदम वाकायला लागतो. तो सावरण्यासाठी माणूस मांडीचे स्नायू आवळतो आणि त्या ओढीत नडगीचं टोक सॉकेटच्या पुढच्या भिंतीवर दाबलं जातं. सपाट फरशीवर हा झटका बेताचा असतो. उतारावर तो वाढतो. आबांचं घर वर आणि खाचरं खाली. दिवसातून चार खेपा. फोड येणारच होता. यंत्राने वीस लाख फेरे मारले, पण आबांच्या शेताचा उतार त्यात नव्हता.

आणखी एका बाईंची गोष्ट थोडक्यात सांगते. त्यांना एक स्प्रिंगसारखं पाऊल चाचणीसाठी दिलं होतं. सहा मिनिटांत त्या पूर्वीपेक्षा जास्त अंतर चालल्या. कागदावर पाऊल सरस ठरलं. पण महिन्याने त्यांनी ते परत आणलं. ते बुटातच चालणारं होतं, अंगठ्याची चप्पल त्यात राहत नव्हती आणि घरात, देवघरापाशी बूट घालून वावरणं त्यांना जमेना. "मला पळायचं नाही ताई, हळदीकुंकवाला जायचंय," असं त्या म्हणाल्या. आम्ही वेग मोजत होतो. त्यांना काय हवंय हे आधी विचारलंच नव्हतं. एमआयटीच्या त्या नायलॉनच्या पावलालाही खऱ्या पावलासारखं दिसणारं टिकाऊ आवरण हवं, हे संशोधकांना उमगलं. त्यासाठी त्यांनी बुटांचे तळवे बनवणाऱ्या एका इटालियन कंपनीची मदत घेतली. आपल्याकडे पाऊल लोकांना दिसतं. ते कसं दिसतं याला महत्त्व आहे.

आबांच्या पायाची सगळी टिपणं मी उत्पादकाला पाठवली. 'रुग्ण समाधानी' खोडलं आणि उताराचं मोजमाप, फोडाची जागा, कोऱ्या तळव्याचा फोटो असं सगळं लिहिलं. काही महिन्यांनी मऊ टाचेचा नमुना आला. आबांना विचारलं, पुन्हा घालून पाहणार का? नाही म्हणालात तरी काही बिघडणार नाही. ते तयार झाले. मात्र मी एक अट घातली. महिन्याभरात निदान तीन तक्रारी घेऊन यायचं. रिकाम्या हाताने यायचं नाही.

महिन्याने आबा आले. मी आधी तळवा उलटा करून पाहिला. टाच घासलेली, बाहेरची कड घासलेली, खाचांत माती. नडगीचं टोक स्वच्छ, फोड नाही. मग वही उघडली. आबांनी बोटं मोजत सुरुवात केली. ओल्या बांधावर घसरतंय. सायकलच्या पायडलवरून सटकतंय. बोटांच्या फटीत खडा अडकतो, तो काढायला बसावं लागतं. उकिडवं बसल्यावर टाच उचलते. रंग आमच्या अंगापेक्षा गोरा दिलाय, पोरं हसतात.

तीन सांगितल्या होत्या, पाच झाल्या. मी एकेक लिहून घेतली. निघताना त्यांना विचारलं, "आबा, आज घरी कुठला पाय घालून जाणार?"

"नवाच की. उताराला बरा पडतोय," ते म्हणाले. मग दारापर्यंत जाऊन मागे वळले. "पण लावणीला जुनाच घालनार. ते बी लिवा."